चिपांचा उतारा आणि भागधारकांचा वाद

व्यापाराचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक शोधकांचीं चरित्रें लिहितात. दुसरे नफ्यातोट्याचे ताळेबंद मांडतात. कल्पक मनुष्यानें यंत्र शोधिलें येथपासून धनिकानें संपत्ति मिळविली येथपर्यंतची हकीगत या दोघांच्या ग्रंथांत सविस्तर सांपडते. परंतु या दोन टोंकांच्या मध्यें जो कारखाना उभा असतो, आणि शंभर नग घडविले तर त्यांतून विकावयाजोगे किती निघतात हा जेथला रोजचा प्रश्न असतो, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. संगणकाचे प्रोसेसर करणाऱ्या इंटेल व ए. एम. डी. या दोन अमेरिकन कंपन्यांची अर्धशतकाहून अधिक काळ चाललेली स्पर्धा, आणि त्या स्पर्धेविषयीं भागधारकांमध्यें चाललेला अखंड वाद, यांचा इतिहास आम्हांस याच दृष्टीनें मननीय वाटतो. कारण या वादाचें मूळ शोधूं लागल्यास तें शेवटीं एका आंकड्यापाशीं जाऊन थांबतें, आणि तो आंकडा वाद घालणाऱ्यांपैकीं कोणासही प्रत्यक्ष दिसत नाहीं.

तो आंकडा म्हणजे उतारा. आपल्याकडे साखर-कारखानदारास व ऊंस लावणाऱ्या शेतकऱ्यास हा शब्द चांगला परिचयाचा आहे. गाळलेल्या शंभर भाग उसांतून साखर किती भाग पडली यास साखरेचा उतारा म्हणतात, आणि उसाचा दर त्यावर बसवितात. चिपांच्या कारखान्यांतही असाच उतारा असतो. सिलिकॉनची एक पातळ वाटोळी चकती घेऊन तिच्यावर प्रकाशाच्या व रसायनांच्या साहाय्यानें शेंकडों संस्कार करितात. दोन-दोन, तीन-तीन महिने हे संस्कार चालतात. शेवटीं चकतीवर एकसारख्या अनेक चिपा उमटतात. मग त्या तपासून व चकती कापून चांगल्या तेवढ्या निवडून घेतात. शेंकडा जितक्या चांगल्या निघतील तो उतारा. चकतीचा खर्च मात्र, तिच्यांतून चारशें चांगल्या चिपा निघोत कीं चाळीस निघोत, तोच असतो. यावरून उतारा दुप्पट होणें म्हणजे एका चिपेमागें पडणारा चकतीचा खर्च निम्म्यावर येणें होय, हें वाचकांच्या सहज ध्यानांत येईल.

येथें थोडें गणित केल्यावांचून पुढील इतिहासाचें मर्म कळणार नाहीं. ३०० मिलिमीटर व्यासाची एक चकती आहे, आणि तिच्यावर दर चौरस सेंटिमीटरमागें सरासरीनें अर्धा दोष, कोठेंही, नेम नसल्याप्रमाणें पडतो असें समजूं. चिपेचें क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर असेल तर अशा चकतीवर सुमारें ६४० चिपा बसतात, व त्यांपैकीं शेंकडा ६१ म्हणजे ३८८ चांगल्या निघतात. आतां चिपेचें क्षेत्रफळ चौपट करा. चकतीवर केवळ १४३ चिपा बसतील, आणि त्यांतील शेंकडा १४ देखील पुरत्या चांगल्या निघणार नाहींत. हातीं येतील त्या अवघ्या १९. क्षेत्रफळ चौपट वाढलें, पण पीक विसाव्या हिश्शावर आलें! कारण उघड आहे. एका डागानें लहान चिप बिघडली तर चकतीचा लहानसा तुकडा वायां जातो. मोठी चिप बिघडली तर त्याच एका डागापायीं मोठा तुकडा जातो. या हिशेबाचीं अधिक सूक्ष्म सूत्रें बी. टी. मर्फी यांनीं १९६४ सालींच मांडलीं होतीं. याशिवाय उताऱ्यास दुसरेंही एक अंग आहे. ज्या चिपा चांगल्या ठरतात त्याही सारख्या नसतात; कांहीं जलद चालतात, कांहीं मंद. आंब्यांच्या पेट्या भरतांना जशी प्रतवारी करितात तशी यांचीही करितात, व त्या निरनिराळ्या भावांनीं विकल्या जातात. तेव्हां नुसता चांगल्या चिपांचा आंकडा कळून भागत नाहीं. वरच्या प्रतीच्या किती, हेंही कळावें लागतें.

या धंद्यांतील सर्वांत प्रसिद्ध भाकीतही उताऱ्याच्याच पायावर उभें आहे. १९६५ सालीं गॉर्डन मूर यांनीं 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकांत एक लेख लिहून, एका चिपेवरील घटकांची संख्या दरसाल दुप्पट होत जाईल असें सांगितलें. पुढें १९७५ सालीं त्यांनीं ही मुदत दोन वर्षांची केली. लोकांनीं भाकीत लक्षांत ठेविलें व त्यामागील युक्तिवाद विसरले. मूर यांचें म्हणणें असें होतें कीं, एका चिपेवर अधिक घटक बसविल्यास दर घटकाचा खर्च उतरत जातो. परंतु एका मर्यादेपलीकडे गेल्यास उतारा घसरून तोच खर्च पुन्हां चढूं लागतो. ही मर्यादा दरसाल पुढें सरकते म्हणून चिपा स्वस्त होतात. म्हणजे प्रगतीची खरी गति उतारा सुधारण्याच्या गतीवर अवलंबून आहे.

मूर व रॉबर्ट नॉइस हे दोघे १९५७ सालीं स्थापन झालेल्या फेअरचाइल्ड कंपनींतील. तेथून बाहेर पडून त्यांनीं १९६८ च्या जुलईंत इंटेल काढली. पुढल्याच वर्षीं, १ मे १९६९ रोजीं, त्याच कंपनीच्या विक्रीखात्यांतील जेरी सँडर्स व त्यांचे सहकारी यांनीं ए. एम. डी. स्थापिली. एकाच घरांतून निघालेल्या या दोन शाखा. परंतु एकीचे धुरीण शास्त्रज्ञ व दुसरीचा धुरीण विक्रीच्या कामांत मुरलेला, यामुळें दोहोंच्या प्रकृतींत भेद आहे असें लोक प्रथमपासूनच बोलूं लागले. १९८१ सालीं आय. बी. एम. नें आपल्या लहान संगणकासाठीं इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला, तेव्हां तो दुसऱ्याही एका कारखानदाराकडून मिळाला पाहिजे अशी अट घातली. आणि १९८२ सालीं इंटेल व ए. एम. डी. यांच्यामध्यें तसा करार झाला. या अटीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. एकाच्या कारखान्यांत माल बिघडला तर आपलें काम अडूं नये, ही गिऱ्हाइकाची भीति तिच्या मुळाशीं होती. ए. एम. डी. ला या क्षेत्रांत जी जागा मिळाली ती अशा रीतीनें उताऱ्याविषयींच्या अविश्वासानेंच मिळवून दिली.

पुढील घडामोडींचा क्रम मात्र भाकितें करणाऱ्यांस नम्र करणारा आहे. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत स्मृति-चिपांच्या उत्पादनांत जपानी कारखान्यांनीं उताऱ्यांत व गुणांत अमेरिकन कारखान्यांस मागें टाकलें. १९८५ सालीं इंटेलनें स्वतःच उभा केलेला तो धंदा सोडून दिला व १९८६ सालीं तिला १७ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. अमेरिकनांस शोध लावतां येतात, पण स्वच्छ माल काढतां येत नाहीं, असा सिद्धांत त्या वेळीं पुष्कळ शहाण्यांनीं बांधिला होता. त्याच इंटेलनें पुढें एका कारखान्यांत साधलेली पद्धति दुसऱ्या कारखान्यांत यंत्रें, नळ व रसायनें यांसुद्धां जशीच्या तशी उचलावयाची, असा कडक नियम केला, आणि पुढील पंचवीस वर्षें उत्पादनकौशल्यांत तिच्याशीं बरोबरी करणारे फार थोडे उरले. १९८५ सालचा ३८६ प्रोसेसर तर तिनें दुसऱ्या कोणास करूंच दिला नाहीं. त्यावरून जो तंटा लागला तो लवाद व न्यायालयें यांतून १९९५ सालच्या तडजोडीपर्यंत चालला.

भागधारकांचा वाद खरा रंगला तो १९९७ पासून. ए. एम. डी. चा के-५ प्रोसेसर १९९६ सालीं उशिरानें आला व मंद निघाला. तेव्हां तिनें नेक्सजेन ही लहान कंपनी विकत घेऊन तिच्या रचनेवरून के-६ तयार केला व १९९७ च्या एप्रिलमध्यें बाजारांत आणला. रचना उत्तम होती आणि बरोबरीच्या इंटेल प्रोसेसरपेक्षां चतुर्थांश कमी दरानें तो विकण्याचें कंपनीनें जाहीर केलें होतें. गिऱ्हाइकें रांग लावून उभीं राहिलीं. पण टेक्सासांतील ऑस्टिन येथील कारखान्यांतून पुरेशा चिपाच निघेनात. चिपेचें क्षेत्रफळ होतें १६२ चौरस मिलिमीटर. पुढील बारीक पद्धतीनें तें ६८ वर आणावयाचें होतें, व तें संक्रमणही सुखानें झालें नाहीं. कंपनीला १९९७ सालीं २ कोटी १० लक्ष व १९९८ सालीं १० कोटी ४० लक्ष डॉलर तोटा आला. मागणी असून तोटा, हें दृश्य पाहून भागधारकांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, रचना चांगली आहे, उतारा आज ना उद्यां सुधारेल, शेअर स्वस्त आहे तोंवर घ्यावा. दुसरा म्हणे, या कंपनीच्या रक्तांतच उत्पादन नाहीं; ती दर वेळीं आशा दाखवील व दर वेळीं निराश करील.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें त्या वेळीं अधिक सयुक्तिक दिसत होतें हें कबूल केलें पाहिजे. परंतु १९९९ सालीं ॲथलॉन आला. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें तांब्याच्या तारांची नवी पद्धति वापरणारा कारखाना उभा राहिला. आणि ६ मार्च २००० रोजीं ए. एम. डी. नें एक गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर जाहीर केला. इंटेलनें आपला दोनच दिवसांनीं जाहीर केला. त्याच वर्षीं ३१ जुलईला इंटेलनें याहून जलद असा १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणला व तो नीट चालत नाहीं असें परीक्षकांनीं दाखवून दिल्यावर ऑगस्टअखेर परत मागविला. ज्या कंपनीच्या रक्तांत उत्पादन नव्हतें तिला २००० सालीं ९८ कोटी डॉलर नफा झाला. मग पहिल्या पक्षानें विजयोत्सव केला; पण तोही अल्पायुषी ठरला, कारण २००२ सालीं त्याच कंपनीला सुमारें १३० कोटी डॉलर तोटा आला.

हे पक्षोपपक्ष कशाच्या आधारावर वाद घालीत, हें पाहण्यासारखें आहे. साखर-कारखान्याचा उतारा जाहीर होतो व शेतकऱ्यास त्यावर भांडतां येतें. चिपांचा उतारा मात्र कंपन्या गुप्त ठेवितात. तो कळला तर गिऱ्हाईक भाव पाडून मागेल व प्रतिस्पर्धी सावध होईल, हें त्यांचें कारण असून तें अगदींच गैरवाजवी नाहीं. इंटेलनें २०१४ सालीं आपल्या १४ नॅनोमीटर पद्धतीच्या उताऱ्याची वक्ररेषा जाहीरपणें दाखविली, पण उभ्या अक्षावर आंकडेच नव्हते! रेषा वर जात आहे एवढें दिसे. कोठून कोठें जात आहे तें दिसत नसे. अशा स्थितींत भागधारकास लक्षणांवरून रोग ओळखणाऱ्या वैद्याप्रमाणें अनुमान करावें लागतें. आणि येथील प्रत्येक लक्षण दुहेरी असतें. भाव उतरविला तर उतारा वाढून माल मुबलक झाला असेल, किंवा गिऱ्हाईकच नसेल. जलद चिपा दुकानांत मिळत नसल्या तर त्यांवर उड्या पडत असतील, किंवा त्या निघतच नसतील. गोदामांत माल सांचला तर ती पुढील विक्रीची तयारी असेल, किंवा मागील विक्रीचें अपयश असेल. ज्याचें जेथें मन बसलें असेल तो तसा अर्थ लावतो, आणि ज्याच्यापाशीं त्या कंपनीचे शेअर असतील त्याचें मन कोठें बसलें असेल हें सांगावयास नको.

क्वचित् प्रसंगीं हा पडदा थोडासा बाजूस होतो. स्वतःचे कारखाने असणें हेंच मर्दाचें लक्षण, अशा आशयाचें सँडर्स यांचें एक वचन या धंद्यांत सर्वतोमुखीं झालें होतें. परंतु त्यांच्याच कंपनीनें २००९ सालीं आपले कारखाने वेगळे काढून अबूधाबीच्या सरकारी भांडवलावर ग्लोबलफाउंड्रीज ही स्वतंत्र कंपनी होऊं दिली. आतां चिपा करणारा व चिपा विकणारा हे दोन झाले, आणि त्यांच्या व्यवहारांत उताऱ्याचा प्रश्न कागदावर आला. २०११ सालच्या सुधारलेल्या करारानें ए. एम. डी. नें ३२ नॅनोमीटरच्या मालासाठीं चकतीमागें पैसे न देतां चांगल्या निघालेल्या चिपेमागें पैसे देण्याचें ठरविलें. विकणाऱ्याचा उताऱ्यावर विश्वास किती होता तें या एका कलमावरून कळतें. त्याच वर्षीं सप्टेंबरअखेर, ड्रेस्डेन येथील उतारा अपुरा पडल्यामुळें विक्री अपेक्षेपेक्षां कमी होईल, असें ए. एम. डी. नें जाहीर केलें व शेअरचा भाव कोसळला. पुढें कंपनीनें उताऱ्याविषयीं आपली दिशाभूल केली असा दावा भागधारकांनीं कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत लाविला. तो २ कोटी ९५ लक्ष डॉलर देऊन मिटविण्यांत आला. दावा मिटला म्हणजे दोष सिद्ध झाला असें नव्हे. पण ज्यांनीं पडत्या भावानें शेअर विकले त्यांच्या पदरीं यांतून किती पडलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. उतारा हा यंत्रज्ञांचा शब्द असला तरी त्याची किंमत कोणाच्या तरी म्हातारपणच्या शिलकींतून दिली जाते, हें विसरतां कामा नये.

आतां नाटकाचा तिसरा अंक पाहूं. २०१५ सालीं ए. एम. डी. चा शेअर दोन डॉलरांच्याही खालीं गेला होता, आणि इंटेल उत्पादनांत चुकेल असें म्हणणारा मनुष्य विक्षिप्त गणला जात असे. परंतु २०१३ सालींच, चकत्यांवरील दोष अपेक्षेहून अधिक आढळल्यामुळें, इंटेलला १४ नॅनोमीटरचें उत्पादन एका तिमाहीनें पुढें ढकलावें लागलें होतें. १० नॅनोमीटरची पद्धति तर वर्षानुवर्षें रखडली. २०१८ च्या एप्रिलमध्यें, उतारा हळूहळू सुधारत असल्यामुळें मोठें उत्पादन २०१९ वर जाईल, असें कंपनीस सांगावें लागलें. शेवटीं २३ जुलई २०२० रोजीं, पुढील ७ नॅनोमीटरच्या पद्धतीचा उतारा ठरलेल्या वेळापत्रकाच्या सुमारें एक वर्ष मागें आहे, असें इंटेलनें कबूल केलें. दुसऱ्या दिवशीं तिचा शेअर सुमारें १६ टक्क्यांनीं पडला व ए. एम. डी. चा तितकाच चढला. पांच वर्षांपूर्वीं दोन डॉलरांस कोणी न घेणारा तो शेअर साठांच्या वर गेला. २०२२ सालीं ए. एम. डी. चें बाजारमूल्य प्रथमच इंटेलच्या पुढें गेलें.

यांतही ए. एम. डी. च्या यशाचें रहस्य उताऱ्याच्याच हिशेबांत सांपडतें. २०१७ सालच्या एपिक या मोठ्या प्रोसेसरांत तिनें एक प्रचंड चिप न करतां २१३ चौरस मिलिमीटरच्या चार लहान चिपा एकत्र जोडल्या. मिळून क्षेत्रफळ झालें ८५२. एकसंध चिप केली असती तर ती ७७७ चौरस मिलिमीटरांतच बसली असती. म्हणजे सिलिकॉन अधिक लागलें. तरीही कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें चार तुकड्यांचा खर्च एकसंध चिपेच्या ५९ टक्केच आला. वर आम्हीं जें गणित मांडलें त्याचाच हा व्यवहारांतील दाखला होय. दोष नाहींसे करतां येत नसतील तर त्यांनीं होणारी हानि लहान करावी, हा तो विचार. शिवाय २०१८ सालीं ग्लोबलफाउंड्रीजनें ७ नॅनोमीटरचा नाद सोडल्यावर ए. एम. डी. नें त्या मापाचें काम तैवानांतील टी. एस. एम. सी. कडे सोंपविलें. १९८७ सालीं मॉरिस चँग यांनीं स्थापिलेली ही कंपनी स्वतःच्या नांवानें प्रोसेसर विकत नाहीं. इतरांच्या रचना चांगल्या उताऱ्यानें काढून देणें हाच तिचा धंदा. ज्या कंपनीस उत्पादन येत नाहीं म्हणून हिणविलें जात होतें, तिनें तें काम उत्कृष्ट जाणणाऱ्याच्या हातीं दिलें. आणि जिचें उत्पादन हेंच भूषण होतें तिला त्यानेंच दगा दिला.

या सर्व इतिहासांत आम्हांस एक चूक पुन्हां पुन्हां दिसते. ती म्हणजे स्थितीस स्वभाव समजण्याची. १९८५ सालीं अमेरिकनांचा, १९९७ सालीं ए. एम. डी. चा व २०१४ सालीं इंटेलचा जो उतारा होता, ती त्या त्या वेळची स्थिति होती. लोकांनीं तिला त्या त्या कंपनीचा जन्मस्वभाव मानलें. उतारा कोणाच्या रक्तांत नसतो. तो प्रत्येक नव्या पद्धतीबरोबर बहुतेक पहिल्यापासून मिळवावा लागतो. मागील पिढींत तो ज्यानें मिळविला त्यास पुढील पिढींत थोडी सोय होते, हक्क मिळत नाहीं. शिवाय रचना एका बाजूस व कारखाना दुसऱ्या बाजूस अशी जी वांटणी वाद घालणाऱ्यांनीं केली तीही खोटी ठरली. के-६ ची उत्तम रचना कारखान्यामुळें अडली. उलट एपिकच्या रचनेनें कारखान्याचें दुःख हलकें केलें.

मग भागधारकानें काय करावें? भावाचें भाकीत करण्याचा आमचा अधिकार नाहीं व इच्छाही नाहीं. परंतु इतिहासावरून एवढें सांगतां येईल कीं, कंपनी उताऱ्याविषयीं विशेषणांनीं बोलूं लागली म्हणजे आंकडा विचारावा; आंकडा न मिळाल्यास तारीख विचारावी; आणि दिलेली तारीख दोनदां हुकली तर तिसऱ्या वचनावर आपली शिल्लक लावण्यापूर्वीं थांबावें. इंटेलच्या बाबतींत २०१३ पासून २०२० पर्यंत गुप्त असा फक्त आंकडा होता. हुकलेल्या तारखा सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या.

हा विचार आपणांसही परका राहिलेला नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत भारत सरकारनें गुजराथेंतील ढोलेरा येथील टाटांच्या चिप-कारखान्यास मंजुरी दिली, व त्यांत सार्वजनिक पैशाचा मोठा वांटा राहावयाचा आहे. अशा कारखान्यांविषयीं आपल्याकडे भाषणें होतील, कोनशिला बसतील, आणि शेअरबाजारांत आशा व निराशा यांच्या लाटा येतील. त्या वेळीं आपल्या वाचकांनीं आपल्याच ऊंस-शेतकऱ्याची संवय ठेवावी. कारखान्याची इमारत किती भव्य आहे याचें त्यास कौतुक असतें, परंतु वजनकांट्यापाशीं उभा राहून तो पहिला प्रश्न विचारतो तो हाच कीं, यंदा उतारा किती पडला?